तीन नंबरांचं पिस्तूल

मिस्त्रींनी माझ्या वडिलांना चोर ठरवलं, तेव्हा ते चष्म्याची काडी कानात फिरवत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी या माणसाबद्दल चार शब्द बरे बोलणार आहे आणि तुम्हाला वाटेल, बाई पाघळल्या. नाही पाघळले. त्या दिवशीचा राग अजून थोडा शिल्लक आहे आणि तो मी जपून ठेवलाय.

मलकापुरात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सरकी-ढेपेच्या दुकानांच्या मधोमध बंदुकांचं एक दुकान आहे. पुढे मालक बसतो, मागे लोखंडी जाळीच्या आड मिस्त्री बसायचे. त्यांना नाव असणारच, पण सगळे मिस्त्रीच म्हणायचे आणि त्यांनाही ते सोयीचं वाटायचं. नाव सांगितलं की समोरचा त्या नावाचं काय करील याचा भरवसा नाही, असं त्यांचं मत. फौजेत हत्यारं दुरुस्त करण्यात सारी उमर गेलेली. सत्तरी ओलांडलेले, काटकुळे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा, आणि डोळ्यांवर तो चष्मा. एक काडी काळी, दुसरी तपकिरी. दुसऱ्यांच्या वस्तूंचे जोड तपासणारा हा माणूस स्वतः बेजोड चष्मा लावून बसायचा. मी एकदा तसं म्हटलंच. "हे म्या सोता जोडलं हाय," ते म्हणाले, "म्हून चालते."

माझा त्यांच्याशी संबंध आला तो बाबांच्या पिस्तुलामुळे. चिखली तालुक्यातल्या आमच्या गावात, विहाराभोवतीच्या आमच्या वस्तीत, सुभेदार होऊन परतलेले बाबा पहिलेच. फौजेनं जुनी झालेली काही पिस्तुलं आपल्याच माणसांना रीतसर विकली, त्यातलं एक बाबांनी घेतलं आणि परवाना काढला. त्या पिस्तुलानं त्यांनी कधी कावळाही उडवला नाही. पण तोवर गावात हत्यारं होती ती फक्त वरच्या आळीतल्या मोठ्या शेतकऱ्यांकडे. आमच्या वस्तीत पिस्तूल आलं, हे काहींना खुपायचं. बाबांना ते ठाऊक होतं. मला तर वाटतं, म्हणूनच त्यांनी ते ठेवलं होतं.

बाबा गेले. परवाना ज्याच्या नावाचा तोच गेला, की हत्यार घरात ठेवता येत नाही, ठाण्यात नाहीतर दुकानात जमा करावं लागतं. म्हणून ते मलकापूरच्या दुकानात गेलं. माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याला ते विकून मोकळं व्हायचं होतं. मला ते वारस म्हणून माझ्या नावावर हवं होतं. "ताई, तू शाळेत गणित शिकवतेस. तू पिस्तुलाचं काय लोणचं घालणार?" तो फोनवर म्हणाला. शेवटी ठरलं, आधी किंमत तर कळू दे. आणि एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी बस पकडून राजूर घाट उतरून मलकापूरला गेले.

मिस्त्रींनी टेबलावर पांढरं फडकं अंथरलं. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या चपलांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"चपला एकाच जोडीतल्या हायेत न?"

"म्हणजे?"

"डावीचा अंगठा नवा दिसून राह्यला."

"तुटला होता. शिवून घेतला."

"हां. तसं सांगा न मंग."

ही आमची ओळख. त्यानंतर त्यांनी पिस्तूल उघडलं आणि त्याचे तीन मोठे भाग वेगळे मांडले. खालचा सांगाडा, वरचा मागेपुढे सरकणारा भाग आणि आतली नळी. कारखान्यातून पिस्तूल निघतं तेव्हा तिन्हींवर एकच नंबर ठोकलेला असतो, हे मला तिथे कळलं. मिस्त्रींनी भिंग लावून एकेक नंबर मोठ्यानं वाचला. तीन वाचले, तिन्ही वेगळे.

"बाई, हे एक पिस्तूल नाई. तीन गावचे पाव्हणे एका पंगतीत बसले हायेत."

"मग किंमत?"

"किंमत राहू द्या. परवान्यावर निस्ता सांगाड्याचा नंबर हाय. बाकी दोन आले कुठून? वडील फौजेत काय करत होते?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "सुभेदार होते. त्याआधी बरीच वर्षं कोतेत." कोत म्हणजे पलटणीचा हत्यारखाना. तिथे विश्वासाचाच माणूस नेमतात, हे बाबा आम्हाला लहानपणापासून ऐकवायचे.

तेव्हा ती काडी कानात गेली. "कोतेत," मिस्त्री म्हणाले. "मंग समजलं."

"काय समजलं?"

"किल्ली कमरेले. समोर शंभर पिस्तुलं. चांगली नळी दिसली, घेतली बदलून आपल्याले. मी नाई म्हणत बाई, हे नंबर म्हणून राह्यले."

आमच्याच गावचे वरच्या आळीतले एक शेतकरी तेव्हा जाळीपाशी बसलेले होते. रानडुकरांसाठीची बंदूक दुरुस्तीला आणली होती. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पुन्हा उचललाच नाही. मी दोन बस बदलून गावात पोचेपर्यंत ते आपल्या गाडीनं कधीच पोचले होते, आणि त्यांच्याबरोबर बातमीही.

आता यात काय अडकलं होतं ते सांगते. विहाराशेजारची जागा बाबांनी वस्तीतल्या पोरांच्या अभ्यासिकेला दिली होती. इमारत उभी राहिली होती. पोरं तिथे पोलीस भरतीचा, तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायची. बाबांना जाऊन वर्ष होईल त्या दिवशी, पहिल्या पुण्यानुमोदनाला, अभ्यासिकेवर त्यांच्या नावाची पाटी लागणार होती. पाटी रंगवून तयार होती. आणि विहार समितीची माणसं, आमचीच माणसं, माझ्यासमोर मान खाली घालून उभी राहिली.

"ताई, आमचा भरोसा हाय सुभेदारायवर. पण गाव बोलून राह्यलं. सरकारी हत्याराचा मामला. थोडं थांबू."

मी आत जाऊन पाहिलं. पाटी कोपऱ्यात ठेवली होती, तोंड भिंतीकडे करून. मला इतका संताप आला की मी ती पाटी फिरवून सरळ केली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुन्हा भिंतीकडे केली होती.

मग मी दर शनिवारी मलकापूर गाठायला लागले. मला खात्री होती की चोर दुसरा कुणी नसून हा म्हाताराच आहे. चांगली नळी काढून घेतली असेल आणि आता मेलेल्या माणसावर ढकलतोय. मी जाळीबाहेरच्या स्टुलावर ठाण मांडायची आणि त्यांच्या हातांकडे बघत राहायची. एकदा त्यांच्या टेबलाखाली लाकडी पेटी दिसली. आत सुट्या नळ्या, स्प्रिंगा, मुठीच्या पट्ट्या. मी स्टूल पुढे ओढलं.

"मिस्त्री, मी तुमची तक्रार करणार आहे."

"करा न. तुमच्या जागी मी असतो तं कालच केली असती."

एवढं म्हणून त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला! मला वाटतं, त्या दिवसापासून मी त्यांना आवडू लागले. आपल्यावर कुणी मनापासून शंका घेतंय, याचा त्यांना आनंद झालेला दिसला. पेटीसुद्धा स्वतःहून पुढे सरकवली. "पाहा. एकेक नळी काढून पाहा. माह्यावर भरोसा नका ठेवू." मी पाहिल्या. आमच्या पिस्तुलाच्या जातीची एकही नव्हती.

तिथे बसून बसून मला त्या माणसाची सगळी तऱ्हा पाठ झाली. त्यांच्या डब्यावर ठोकलेला सात आकडा, झाकणावरही सात. बुटांच्या आत शाईनं लिहिलेले नंबर, कारण लग्नकार्यात एकच बूट बदलला जातो आणि ते घरी गेल्यावरच कळतं. समोरच्या हॉटेलात एका काचेच्या ग्लासाला त्यांनी बुडाशी खूण कोरून ठेवली होती. चहा त्याच ग्लासातून, आणि तोही आधी हुंगून. परतीच्या बसला आम्ही कधी कधी स्टँडवर बरोबर उभे राहायचो. ते आधी बसची पुढची पाटी वाचायचे, मग मागे जाऊन मागची, आणि दोन्हींवर एकच नंबर असल्याची खात्री पटल्यावर पायरीवर पाय ठेवायचे. एकदा ते मागे गेले आणि बस सुटली. मी आत, ते धुरात. खिडकीतून मागे पाहिलं, तर चेहऱ्यावर पश्चात्ताप कसला तो नाही. नंबर जुळल्याचं समाधान होतं.

डोळ्यांत मोतीबिंदू झालेला. ऑपरेशन करत नव्हते. "डॉक्टर जुनं भिंग काढते, नवं घालते. कोणतं घातलं, आपल्याले काय दिसणार? डोळा तं त्याच्याच हाती."

"अहो, पण दिसायचंच बंद होईल."

"होऊ द्या. फसण्यापरीस बरं."

मी हसले नाही. मला हसू यायला लागलं की मी पाटी आठवायची.

पण धंद्यातलं त्यांचं ज्ञान खोटं नव्हतं. एकदा एक जण जुनं पिस्तूल घेऊन आला. तिन्ही नंबर एकसारखे, झळाळी अशी की आरसा. त्यानं मोठी किंमत सांगितली. मिस्त्रींनी नंबरावरून नख फिरवलं आणि पिस्तूल परत सरकवलं. "हे जुळत नाई, जुळवलेलं हाय. मागून ठोकला नंबर." तो माणूस तणतणत गेला. मी विचारलं, कसं कळलं?

त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा जाळीच्या आत बसवलं आणि बाबांचं पिस्तूल पुन्हा उघडलं. "नंबर कोणीबी ठोकू शकते," म्हणाले. "पण दोन भाग पन्नास वर्सं संगं राह्यले न, तं एकमेकाले घासतात. याच्यावर जिथं घासलं, त्याच्यावरबी तिथंच पायजा. हे खोटं करता येत नाई." सांगाडा आणि वरचा भाग त्यांनी शेजारी धरले. दोन्हींवर घासल्याच्या रेघा अगदी समोरासमोर. वरच्या भागाच्या आतल्या बाजूला तांदळाएवढा एक छाप होता. "हे फौजेच्या वर्कशॉपचं. तिथं बदलला. सरकारनं बदलला आन् मंग विकला. याच्यात सुभेदारायचा काई दोष नाई."

"हे तुम्ही आज सांगताय?"

"आज दिसलं. डोये तसे हायेत."

"आणि नळी?"

नळी त्यांनी बराच वेळ फिरवून पाहिली. तिच्यावरच्या रेघांचा वरच्या भागावरच्या रेघांशी काही मेळ नव्हता. "हे पाव्हणी नवी हाय," ते म्हणाले. "दहा-बारा वर्सांपरीस जास्त नाई राह्यली या घरात."

मी गणिताची बाई. मी उठून उभीच राहिले. "मिस्त्री, बाबांना फौज सोडून पस्तीस वर्षं झाली होती. नळी दहा-बारा वर्षांपूर्वी बदलली असेल, तर त्यांनी ती कोतेतून आणली कशी?"

त्यांनी काडी कानाकडे नेली आणि मध्येच थांबवली. "हे बराबर हाय," म्हणाले. तीन महिन्यांत त्यांनी माझं एवढं एकच वाक्य मान्य केलं.

मग कुणी बदलली? त्यांनी बोटांवर संशयित मोजले. तुमचा भाऊ. तुमी. ठाण्यातले. दुकानाचा मालक, हे बोट त्यांनी जरा हळू मोडलं.

"आणि तुम्ही," मी म्हटलं.

"मी?" ते पहिल्यांदा मोकळे हसले. "मी तं वही ठेवतो, बाई!"

निवडणूक लागली की सगळ्या परवानेवाल्यांना हत्यारं जमा करावी लागतात. आमच्या भागातली कितीतरी या दुकानात येतात, आणि निकाल लागेपर्यंत मिस्त्री ती पुसूनधुवून ठेवतात. जमा करून घेताना ते प्रत्येक पिस्तुलाचे तिन्ही नंबर वहीत लिहून घ्यायचे. का, तर उद्या मालक येऊन म्हणेल, माझं बदललं. लोक असेच असतात. इतक्या वर्षांच्या वह्या घरच्या ट्रंकेत होत्या. बाबांचंही पिस्तूल दर निवडणुकीला तिथे जायचं. "पुढच्या शनवारी या," ते म्हणाले. "पाहूनच टाकू, तुमच्या घरी ते कोण्या नळीसंगं गेलं होतं."

पुढच्या शनिवारी ते टेबलाशी बसले होते, पण टेबल रिकामं होतं. फडकंसुद्धा अंथरलेलं नव्हतं. फक्त एक वही, उघडी. त्यांनी ती माझ्याकडे फिरवली आणि दोन ओळींवर बोट ठेवलं.

दहा-बारा वर्षांपूर्वीची एक निवडणूक. पहिल्या ओळीत बाबांचं नाव आणि तीन नंबर. सांगाडा तोच, वरचा भाग तोच, नळीचा नंबर मात्र आजच्यापेक्षा वेगळा, सांगाड्याचाच. त्याखालची ओळ जळगाव जामोदच्या एका ठेकेदाराची. त्याच जातीचं पिस्तूल. आणि त्याच्या नळीचा म्हणून जो नंबर लिहिला होता, ती नळी आज बाबांच्या पिस्तुलात होती.

"दोनी एकाच दिवशी धुतले," मिस्त्री म्हणाले. "एकाच तसराळ्यात. रॉकेलात सगळे भाग संगं. डोये तवाच गेले होते, मी कोणाले सांगत नव्हतो."

"मग परत देताना नंबर पाहिले नाहीत?"

"परत देतानाचा रकानाच नाई वहीत."

"काऊन?" माझ्याही तोंडून त्यांचीच बोली निघाली.

त्यांनी वहीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "मधी ते निस्तं माह्याच हाती होतं न, बाई. मंग शंका घ्याची कोणावर?"

मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं. तीन महिने माझ्या बापाची पाटी भिंतीकडे तोंड करून उभी होती, ती यांच्या एका रकान्यापायी. मी बोलले. बरंच बोलले. मालक आत आला. म्हणाला, मॅडम, वाढवू नका, ठेकेदाराचं पिस्तूल बोलावून घेतो, नळ्या गुपचूप अदलाबदल करतो, कुणाला कळायचंही नाही. दुकानाच्या परवान्याचा प्रश्न आहे.

"वही म्या मंगळवारीच पाह्यली," मिस्त्री मला म्हणाले, मालकाकडे न बघता. "चार दिवस पान हाती धरून बसलो. फाडलं असतं तं कोणालेच समजलं नसतं. तुमाले तं नाईच."

"मग का नाही फाडलं?"

"पुढच्या पानाचा नंबर चुकला असता," ते म्हणाले. मग वही मिटून, "सुभेदार दर खेपी माह्या समोरून पिस्तूल घेऊन जात. कधी उघडून पाह्यलं नाई त्यायनं. म्हणत, तुमी फौजी, मीबी फौजी. मले तवा वाटे, काय भोळा माणूस हाय."

ठेकेदाराला बोलावलं गेलं. माझ्यासमोर दोन्ही पिस्तुलं उघडली, एक संपल्यावर दुसरं, दोन वेगळ्या तसराळ्यांत. बाबांची नळी वरच्या भागात बसवली तेव्हा रेघा समोरासमोर आल्या. "किंमत फार नाई येणार," मिस्त्री म्हणाले, "नंबर अजूनबी दोन हायेत. पण असली हाय. फौजेत राबलेलं." मालकानं त्याच आठवड्यात त्यांना 'आता घरी आराम करा' असं सांगितलं, हे मला पुढे कळलं. त्यांनी स्वतः त्यातला चकार शब्द सांगितला नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात वंदना झाली, भोजनदान झालं, आणि 'गावासमोर येऊन सांगतो' म्हणालेल्या मिस्त्रींचा पत्ता नाही. वरच्या आळीतल्या त्या शेतकऱ्यांनाही समितीनं मुद्दाम बोलावलं होतं. ते घड्याळ बघत होते. मला वाटलं, नाहीच येणार. शेवटी सदऱ्याची गळ्यापर्यंत बटणं लावलेला तो माणूस वहीची पिशवी छातीशी धरून आला. एक बस हुकली होती. कशी ते मी विचारलं नाही.

ते पुढे गेले. बाबांच्या फोटोला त्यांनी फौजी सलाम केला आणि लोकांकडे वळले.

"सुभेदारायले म्या चोर म्हटलं. चोरी झालीच नाई. चूक माही हाय. हे वही."

एवढंच बोलले. वही हातोहात फिरली. वरच्या आळीतल्या त्या शेतकऱ्यांनी ती दोनदा वाचली आणि पुढे दिली. समितीचा अध्यक्ष उठला, म्हणाला, झालं, सगळ्यांनी ऐकलं, आता पाटी लावू.

"नाई!" मिस्त्री कडाडले. "तोंडी नका ठेवू. तोंडी बोललेलं उद्या बदलते. तुमच्या सभेच्या वहीत लिहा. म्या सांगतो तसं लिहा."

अध्यक्षानं लिहिलं. मिस्त्रींनी वही डोळ्यांपाशी नेऊन शब्द न् शब्द वाचला आणि खाली नाव लिहून सही केली. तेव्हा मला त्यांचं नाव कळलं. मग त्यांनी ती वही आणि आपली ती जुनी वही, दोन्ही माझ्यापुढे धरल्या.

"बाई, पाहा. माह्या सहीचं न् या वहीतलं अक्षर एकच हाय का?"

"राहू द्या मिस्त्री. माझा विश्वास आहे."

"तसंच मीबी म्हटलं होतं," ते म्हणाले. "माह्याच हातावर. पाहा तुमी."

मी खाली बसले. चष्मा लावला. दोन्ही वह्या मांडीवर शेजारी ठेवून त्यांच्या नावातलं एकेक अक्षर ताडून पाहिलं. सगळी वस्ती थांबली होती, पाटी घेऊन उभी असलेली पोरंसुद्धा. मी घाई केली नाही.

"जुळतं," मी म्हटलं.

तेव्हा कुठे ते खाली बसले. आणि पोरांनी पाटी उचलली.